ओल्या काचेवरचे धडे
मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत १८५५ साली छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्या काळी प्रचारात येत असलेल्या पद्धतीत काचेवर कलोडियनचा लेप देऊन ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवीत. काच वाळण्यापूर्वीच चित्र घेऊन ते उमटवावे लागे. ही विद्या केवळ पुस्तकाने साध्य होणारी नव्हे; जाणत्याच्या देखरेखीखाली स्वतःचीच बोटे काळी करून घ्यावी लागत. याच वर्गातील विद्यार्थी हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला.

हा इतिहास आम्ही मुद्दाम स्मरतो. परप्रांतातील आपल्या पन्नास वर्षांच्या संसाराची साक्ष बव्हंशी छायाचित्रांतच उरली आहे. ती पुढेही उरावयाची, तर मंडळातील जाणत्यांनी कॅमेरा तरुणांच्या हाती द्यावा आणि आपण शेजारी उभे राहावे.