वशिंड
* वशिंड : पुस्तकाच्या लेखकाने बैलाच्या वशिंडाला ‘चरबीचा गोळा’ म्हटले आहे. उंटाच्या मदारीला ते लागू पडेल, बैलाला नाही. खिलार, डांगी, देवणी अशा देशी गुरांच्या वशिंडात मुख्यतः स्नायूच असतो, चरबी त्याच्या तंतूंत मिसळलेली. हा स्नायू म्हणजे ऱ्हॉम्बॉइडियस, मान व पाठीच्या मध्यरेषेवरून निघून खांद्याच्या पसरट हाडाच्या वरच्या कडेला जाणारा. विलायती गाईलाही तो असतोच, पण चपटा, म्हणून दिसत नाही. गुरांना गळपट्टीचे हाड नसते. म्हणून पुढचे पाय धडाला अशा स्नायूंनीच बांधलेले. वळूचे वशिंड डौलदार, लहानपणी खच्ची केलेल्या बैलाचे बेताचे. आणि जू त्याच्या पुढे, मानेवर टेकते. पुस्तकाच्या मूळ आवृत्तीच्या चित्रकाराने ते थेट वशिंडावरच ठेवले होते.