नाच्या, पैलवान आणि नायक

आमचं हिवरे बाजार आज पाण्याच्या ताळेबंदासाठी ओळखलं जातं, पण त्याआधी ते पैलवानांचं गाव होतं. १९७२च्या दुष्काळाने गावाची घडी विस्कटली. माणसं कामाच्या शोधात बाहेर पडली, मागे दारूच्या भट्ट्या पेटल्या आणि तालमीची रया गेली. १९८९मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि गाव पुन्हा उभं राहिलं. ती कथा सर्वांना ठाऊक आहे. मला तिच्या आधीच्या काळातली एक गोष्ट सांगायची आहे, कारण जत्रेत ज्या माणसाला आम्ही सर्वांत जास्त हसलो, त्याचा इतिहास आम्ही कधी नीट मांडला नाही.

आमच्या नगर भागात जत्रेचे दोन सोहळे असत. दिवसा कुस्त्यांचा हगामा आणि रात्री तमाशा. गर्दी तीच असे. दुपारी मातीत लोळणाऱ्या गड्याला जे फेटे उडवून दाद देत, तेच रात्री गण संपून गौळण सुरू झाली की मावशीची वाट बघत. मावशी म्हणजे पुरुषच, बाईच्या वेषातला नाच्या. लुगडं सावरत, कंबर मुरडत, बोट हनुवटीला लावून तो आला की कनातीतून शिट्ट्यांचा पाऊस पडे. पैलवान आणि नाच्या ही आमच्या करमणुकीची दोन टोकं होती. एक पुरुषपणाचं माप आणि दुसरं त्याची टर.

हा नाच्या मुळात टर म्हणून जन्माला आला नव्हता. पेशवाईच्या काळात तमाशात बाई नाचत नव्हती. कोवळी पोरं चाळ बांधून, स्त्रीवेष घेऊन नाचत. त्यांना नाच्या पोऱ्या म्हणत. शाहिरांच्या शृंगारिक लावण्या लोकांनी प्रथम पाहिल्या त्या या पोरांच्या अंगावर. पुढे आमच्याच जिल्ह्यातल्या, संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची पवळा फडावर उभी राहिली आणि शाहीर पठ्ठे बापूरावांच्या साथीने तिने महाराष्ट्र वेडा केला. बाई आली तशी नाच्या पोऱ्याची मूळ जागा गेली. नाचणारी खरी बाई समोर असताना त्याच्याकडे उरलं ते फक्त हसवणं. कलेची एक गरज संपली आणि त्याच माणसाचं विडंबन झालं.

शहरातल्या रंगभूमीवर मात्र असं झालं नाही. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, पुरुष असून भामिनी झाले, रुक्मिणी झाले, ‘एकच प्याला’मधली सिंधू झाले. घरंदाज बायका त्यांच्यासारखं लुगडं नेसायला शिकल्या. १९६४मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. स्त्रीवेष तोच, पण नाट्यगृहात तो कलेचा मान झाला आणि कनातीत थट्टेचा विषय. जात, पैसा आणि तिकीट काढणारा प्रेक्षक यांनी हा फरक केला, असं माझं स्पष्ट मत आहे.

याची सर्वांत कडू किंमत गणपत पाटलांनी मोजली. कोल्हापूरचा हा गुणी नट मराठी तमाशापटांतला नाच्या म्हणून घराघरांत पोचला. त्यांचं ‘आत्ता गं बया’ पोरासोरांच्या तोंडी होतं. प्रत्यक्षात ते संसारी, लेकराबाळांचे धनी. पण लोकांनी पडद्यावरचा माणूस उचलून घरात आणून बसवला. रस्त्यात टवाळी झाली आणि मुलांची लग्नं जुळवताना अडचणी आल्या. प्रेक्षकांनी त्यांच्याबद्दल एक गोष्ट ठरवून टाकली होती आणि ती त्यांना आयुष्यभर पुसता आली नाही. हावभाव एक गोष्ट, भूमिका दुसरी आणि माणूस कुणावर प्रेम करतो ही तिसरी. या तीन गोष्टींची आम्ही एकच मोळी बांधली आणि ती एका कलावंताच्या डोक्यावर दिली.

२००८मध्ये गणपत पाटील गेले. १ जानेवारी २०१० रोजी रवी जाधव यांचा ‘नटरंग’ प्रदर्शित झाला. आनंद यादवांच्या कादंबरीवरून केलेल्या या चित्रपटातला गुणा कागलकर आधी पैलवानी शरीराचा शेतमजूर आहे आणि फड उभा राहावा म्हणून नाच्या होतो. अतुल कुलकर्णी यांनी ती दोन्ही शरीरं एकाच चित्रपटात उभी केली. हगाम्यातला गडी आणि रात्रीचा नाच्या हा एकच माणूस असू शकतो, हे पैलवानांच्या गावात वाढलेल्या माझ्यासारख्याला कुणीतरी प्रथमच डोळ्यांत डोळे घालून सांगत होतं. ज्या पात्राला आम्ही पिढ्यान् पिढ्या हसलो, ते इथे नायक होतं आणि त्याच्यावर होणारा अत्याचार बघताना चित्रपटगृहात हसू फुटत नव्हतं. जुन्या पात्राकडे नव्याने बघणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

माझा पुतण्या पुण्यात नोकरीला असतो आणि परदेशी कॉमिक्स वाचतो. माझी पिढी इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर वाढली, त्याची एक्स-मेनवर. जुन्या पात्राकडे असंच नव्याने बघितल्याची, एक्स-मेनमधल्या आइसमनची, हकिगत मला त्याच्याकडून समजली. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६३मध्ये हा बर्फाचा नायक, बॉबी ड्रेक, घडवला. पन्नास वर्षं त्याच्या गोष्टींत मैत्रिणी येत-जात राहिल्या. २०१५मध्ये लेखक ब्रायन बेंडिस यांनी तो समलिंगी असल्याचं दाखवलं आणि वाचकांत दुफळी पडली. कित्येकांना आपलं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं. कित्येक म्हणाले, आमच्या लहानपणीचा नायक बदलला, मग त्या मैत्रिणी काय खोट्या होत्या? तिसरा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्या कथेत बॉबी स्वतः बोलत नाही. त्याची सहकारी जीन ग्रे त्याच्या मनातलं वाचते आणि त्याला सांगते. त्या वाचकांचं म्हणणं होतं, की स्वतःची ओळख सांगण्याचा पहिला हक्क ज्याचा त्याला हवा.

अमेरिकेत हे भांडण जुनं आहे. १९५४मध्ये फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने बॅटमन आणि रॉबिन यांच्या सहवासावर तो समलिंगी वाटतो म्हणून बोट ठेवलं. त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली आणि समलिंगी माणूस कॉमिक्सच्या पानांवरून जवळजवळ हद्दपार झाला. १९९२मध्ये नॉर्थस्टार या नायकाने आपण समलिंगी असल्याचं उघड सांगितलं, तोवर दोन पिढ्या गेल्या होत्या.

तिकडची चर्चा आणि आमच्या जत्रेची आठवण शेजारी ठेवली की मला एक गोष्ट लख्ख दिसते. बायकी पुरुष, वेगळ्या चालीचा पुरुष आम्हाला कधीच परका नव्हता. तो हसण्यापुरता चालत होता. नायक म्हणून तो समोर आला की गर्दीच्या पोटात दुखतं. गणपत पाटलांवर लोकांनी जे लादलं ते त्यांचं नव्हतं. बॉबी ड्रेकला त्याच्या लेखकाने जे दिलं ते काही वाचकांनी नाकारलं. दोन्हीकडे प्रेक्षकाने स्वतःला मालक मानलं. प्रेमातून आलेली मालकीसुद्धा मालकीच असते आणि ती समोरच्याचा श्वास कोंडते.

ही परदेशी खुळं आहेत असं कुणी म्हटलं, तर मी त्याला आमच्याच जिल्ह्यातल्या नेवाशाला घेऊन जाईन. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली, त्या गावचं दैवत मोहिनीराज आहे. विष्णूने घेतलेलं स्त्रीरूप. आमचे आजे-पणजे त्या रूपापुढे नारळ फोडत आले, त्यांच्या मनात कधी गोंधळ झाला नाही. संगमनेरला राहिलेल्या कांताबाई सातारकर तमाशाच्या बोर्डावर शिवाजी महाराजांच्या भूमिकेत उभ्या राहत, तेव्हा लोकांना समोर महाराज दिसत. देवाला आणि कलावंत बाईला जी मोकळीक आम्ही दिली, ती साध्या माणसाला द्यायला आम्ही इतका वेळ का लावला?

आमचं गाव ती मोकळीक देऊ शकतं, असं मला वाटतं. लग्नाआधी एचआयव्हीची तपासणी झालीच पाहिजे, असा नियम हिवरे बाजारने केला. जो विषय घराघरांत कुजबुजीने बोलला जात असे, तो चारचौघांसमोर आला आणि त्याने कुणाचं पागोटं पडलं नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन प्रौढांच्या संमतीचं समलिंगी नातं गुन्ह्याच्या कक्षेतून काढलं. कायद्याचं काम कायद्याने केलं. पंक्तीत, पारावर, लग्नाच्या बैठकीत जे बदलायचं आहे, ते गावालाच करावं लागेल.

इतिहास लिहिणाऱ्या माणसाच्या वाट्याचं कामही त्यात आहे. पवळाचं नाव राहिलं, बापूरावांचं राहिलं, कांताबाईंचं राहिलं. हगामे मारणाऱ्या पैलवानांची नावं आमची म्हातारी माणसं अजून सांगतात. मावशी होऊन ज्यांनी रात्रभर आम्हाला हसवलं आणि पहाटे तोंडाचा रंग पुसून पुढच्या गावची वाट धरली, त्यांची नावं फडमालकांच्या वह्यांत आणि जुन्या वादकांच्या आठवणीत आहेत. ती माणसं आहेत तोवर त्यांच्यापाशी बसून ती लिहून घ्यायला हवीत. कुणाची बायको होती, कुणाची नव्हती, कुणाचं मन कुठे होतं, हे ज्याने आपणहून सांगितलं तेवढंच लिहावं. बाकी त्यांची कला लिहावी, गाव लिहावं आणि नावापुढे ‘कलावंत’ असं लिहावं.