सहकाऱ्यांची साक्ष

सेवेंतून निवृत्त होणाऱ्या अथवा अन्यत्र जाणाऱ्या मनुष्यास निरोप देण्याची चाल सर्वत्र आहे. पुष्पहार, चार गोड शब्द, एक मानपत्र आणि चहापान झालें म्हणजे समारंभ आटोपतो. अशा प्रसंगीं कोणी कोणाचा दोष काढीत नाहीं, आणि त्यामुळेंच तेथील स्तुतीला फारसें मोलही राहत नाहीं. परंतु ज्याच्यावर ठपका ठेवून ज्याला परत पाठविलें, त्याच्याविषयीं त्याच्याच व्यवसायांतील माणसांनीं उघडपणें उभें राहून बोलावें, ही गोष्ट निराळी. मुंबईच्या परळ भागांत ज्यांच्या नांवानें आज संस्था उभी आहे, त्या वाल्डेमार हाफकिन यांच्या वाट्यास असा निरोप आणि अशी साक्ष, दोन्ही आलीं.

हाफकिन यांचा जन्म १८६० सालीं ओडेसा शहरीं एका ज्यू कुटुंबांत झाला. ते वैद्यकीचे पदवीधर नव्हते; प्राणिशास्त्राचे अभ्यासक होते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत ग्रंथालयांतील दुय्यम जागेवर राहून त्यांनीं पटकीवरील लस सिद्ध केली, आणि १८ जुलै १८९२ रोजीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९३ सालीं ते हिंदुस्थानांत आले. पुढील दोन-अडीच वर्षांत चाळीस हजारांहून अधिक लोकांस त्यांनीं ही लस टोचली. हें काम प्रयोगशाळेंत बसून होण्यासारखें नव्हतें. १८९४ सालीं कलकत्त्याच्या काटाल बागान या गरीब वस्तींत पटकीचे रोगी आढळले, तेव्हां हाफकिन तेथें गेले. चौधरी, घोष, चॅटर्जी व दत्त हे बंगाली डॉक्टर त्यांच्याबरोबर काम करीत होते. परक्या मनुष्याच्या हातांतील सुईवर विश्वास कोण ठेवणार? तो विश्वास या स्थानिक सहकाऱ्यांनीं मिळवून दिला, हें विसरतां येणार नाहीं.

सप्टेंबर १८९६ मध्यें डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं मुंबईच्या मांडवी भागांत प्लेग ओळखला. पाठोपाठ ऑक्टोबरांत हाफकिन मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांस एक लहानशी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. एवढ्या सामग्रीवर त्यांनीं तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं तिची मोठी मात्रा स्वतःच्या शरीरांत टोचून घेतली. ताप चढला असतांही त्यांनीं काम सोडलें नाहीं. त्याच महिन्यांत भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला, तेव्हां स्वेच्छेनें पुढें आलेल्या कैद्यांस ती टोचण्यांत आली, आणि तिचा गुण लोकांच्या दृष्टीस पडला.

त्याच वर्षीं पुण्यांत रँडच्या अमलाखालीं सोल्जरांकडून घरझडत्या चालल्या होत्या. त्या सक्तीनें लोकांची मनें किती दुखावलीं, हें मराठी वाचकांस सांगावयास नको. हाफकिन यांची रीत निराळी होती. ज्याची इच्छा असेल त्यानेंच लस घ्यावी. मुंबईंत तरुण आगाखान यांनीं लोकांसमक्ष लस टोचून घेऊन आपल्या खोजा समाजास वाट दाखविली, आणि खुश्रू लॉज हा आपला बंगला प्रयोगशाळेसाठीं दिला. पुढें १० ऑगस्ट १८९९ रोजीं परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्यें प्रयोगशाळा स्थिरावली.

येथपर्यंत सर्व ठीक होतें. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मलकोवाल या गांवीं (तें आज पाकिस्तानांत आहे) १०७ लोकांस लस टोचण्यांत आली. त्यांपैकीं १९ जण पुढील कांहीं दिवसांत धनुर्वातानें मरण पावले. हे सर्व लोक एकाच बाटलींतील लस घेतलेले होते; त्या दिवशीं वापरलेल्या इतर बाटल्यांपासून कोणासही अपाय झाला नाहीं. सरकारनें चौकशी-समिति नेमली. लस लवकर व मुबलक तयार व्हावी म्हणून हाफकिन यांनीं कार्बोलिक ॲसिड घालण्याची रीत सोडून उष्णतेनें जंतु मारण्याची रीत धरली होती. ती पाश्चर संस्थेंत रूढ होती. परंतु समितीनें तिच्याकडे संशयानें पाहिलें आणि दोष मुंबईच्या प्रयोगशाळेंतच घडला असावा, असें मत दिलें. हाफकिन यांस संचालकपदावरून दूर करण्यांत आलें, आणि १९०४ सालीं ते इंग्लंडास गेले. ज्या शहरांत त्यांनीं स्वतःच्या देहावर प्रयोग केला, तेथून ते मनावर डाग घेऊन निघाले.

त्यानंतर मात्र त्यांच्या विद्येंतील माणसें पुढें सरसावलीं. कलकत्त्याचे पूर्वींचे आरोग्याधिकारी डॉ. सिम्प्सन त्यांच्या पाठीशीं उभे राहिले. मलेरियाच्या शोधाबद्दल १९०२ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारे रोनाल्ड रॉस यांनीं मार्च १९०७ मध्यें ‘नेचर’ नियतकालिकांत या प्रकरणावर लेख लिहिला. २९ जुलै १९०७ च्या लंडन ‘टाइम्स’ पत्रांत तर दहा नामांकित शास्त्रज्ञांच्या सह्यांचें पत्र प्रसिद्ध झालें. त्यांत रॉस यांच्यासह बर्मिंगहॅमचे लीथ, सार्वजनिक आरोग्य संस्थेचे विल्यम स्मिथ आणि न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेचे सायमन फ्लेक्सनर होते.

या मंडळींनीं मृत्यु झाकले नाहींत, कीं हाफकिन यांच्या गतकार्याचे गोडवे गाऊन वेळ मारून नेली नाहीं. त्यांनीं पुरावा तपासला. बाटली उघडतांना वापरलेला चिमटा गांवांत जमिनीवर पडला होता, आणि तो ज्वाळेवर न धरतां केवळ कार्बोलिकच्या पाण्यांत बुडवून पुन्हा वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतु बाटलींत आधींपासून वाढले असते, तर बूच काढतांच दुर्गंधि आली असती. तशी ती आढळली नव्हती. तेव्हां दोष बाटली उघडतांना शिरला, प्रयोगशाळेंत नव्हे, आणि हाफकिन यांच्यावरील आरोप खोटा ठरला आहे, असें त्यांनीं स्वच्छ सांगितलें. हा केवळ एका मनुष्याच्या अब्रूचा प्रश्न नव्हता. ठपका तसाच राहता, तर लोकांचा लसीवरील विश्वासही उडाला असता.

नोव्हेंबर १९०७ मध्यें सरकारनें त्यांस दोषमुक्त करून पुन्हा सेवेंत घेतलें. पण न्याय अपुराच मिळाला. मुंबईची जागा भरली गेली होती. त्यांस कलकत्त्यास जावें लागलें, आणि तेथें नव्या लशींची लोकांवर परीक्षा घेण्याची मोकळीक मिळाली नाहीं. १९१४ सालीं ते निवृत्त झाले. १९२५ सालीं परळच्या प्रयोगशाळेस ‘हाफकिन इन्स्टिट्यूट’ हें नांव देण्यांत आलें. १८९७ पासून त्या वर्षापर्यंत मुंबईहून प्लेगच्या लसीच्या सुमारें दोन कोटि साठ लक्ष मात्रा बाहेर गेल्या होत्या. २६ ऑक्टोबर १९३० रोजीं लोझान येथें हाफकिन वारले. स्वतंत्र भारतानें १९६४ सालीं त्यांचें टपाल-तिकीट काढलें.

गांवोगांव हिंडून रोग अडविणाऱ्या मनुष्याचें यश डोळ्यांस दिसत नाहीं. जो आजारी पडलाच नाहीं, तो आभार मानावयास येत नाहीं. एखादा अपघात मात्र सर्वांस दिसतो. म्हणून अशा सेवकाच्या कामाची खरी किंमत त्याच्या कामाची रीत जाणणाऱ्या सहकाऱ्यांसच ठाऊक असते, आणि ती वेळेवर सांगण्याचें कर्तव्यही त्यांच्यावरच येतें. हाफकिन यांचे सहकारी तें कर्तव्य चुकले नाहींत. साक्ष उशिरां आली. तरी ती पुराव्यानिशीं व सह्यांनिशीं आली, आणि मलकोवालच्या मृतांविषयीं खरें काय घडलें, तेंही तिच्यामुळेंच लोकांस कळलें.