मॅजेस्टिक : गिरगावातले बोलपटाचे पहिले घर

मुंबईत गिरगावातील जगन्नाथ शंकरशेट मार्गावर ‘मॅजेस्टिक’ हे नाव आज एका दुकानांच्या इमारतीला उरले आहे. याच जागी उभ्या असलेल्या चित्रपटगृहात १४ मार्च १९३१ रोजी भारतीय चित्रपट प्रथम बोलला. ‘आलम आरा’ इथे लागला होता. ते चित्रपटगृह नाही, आणि तो चित्रपटही नाही. दोन्ही कसे गेले, याची ही कथा.

कथेचा आरंभ एका तंबूत होतो. सुरतेचे अब्दुल अली युसुफअली विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सिंगापूर, जावा, सुमात्रा, ब्रह्मदेश, सिंहलद्वीप असा प्रवास करीत चित्रपट दाखवीत. सुमारे १०० फूट लांब आणि ५० फूट रुंद अशा त्यांच्या तंबूत हजारभर माणसे मावत. पुढे ते भारतात परतले. १९१४ साली त्यांनी अर्देशीर इराणी यांच्याशी भागीदारी करून मुंबईतील अलेक्झांड्रा थिएटर चालवावयास घेतले, आणि १९१८ साली या जोडीने ‘मॅजेस्टिक’ बांधले. फिरत्या खेळाला पक्के छप्पर मिळाले ते असे.

गिरगावाला चित्रपट नवा नव्हता. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी याच भागातील कॉरोनेशनमध्ये प्रदर्शित झाला होता. (तेही चित्रपटगृह आज नाही.) पण मूकपट पाहणे आणि पडद्यावरच्या माणसाचा आवाज ऐकणे यांत फार मोठे अंतर होते.

‘आलम आरा’चे दिग्दर्शक-निर्माते स्वतः इराणी. आपला बोलपट आपल्याच चित्रपटगृहात लावणे त्यांना सोयीचे होते. चित्रीकरण मात्र सोयीचे नव्हते. स्टुडिओलगतच रेल्वेचे रूळ असल्याने गाड्या थांबल्यावर, रात्री उशिरा काम चाले. आवाज आणि चित्र एकाच फितीवर उतरत असल्याने मागाहून दुरुस्तीला वाव थोडाच. वाद्ये वाजवणारे कॅमेऱ्याच्या नजरेआड बसत आणि मायक्रोफोन मिळेल तिथे दडवले जात.

पहिल्या दिवसाचे वर्णन युसुफअलींनी पुढे करून ठेवले आहे. सकाळपासूनच मॅजेस्टिकभोवती लोक लोटले होते. खुद्द मालकांना आत शिरणे कठीण झाले. रांग लावण्याची पद्धत तेव्हा रूढ नव्हती. तिकीट खिडकीवर लोक अक्षरशः तुटून पडले आणि बंदोबस्ताला पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचे तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेले. हा भाव मला त्या दिवसाचा सर्वांत बोलका पुरावा वाटतो. लक्षात घ्या, वस्ती मराठी आणि चित्रपट हिंदुस्थानीत, पारशी रंगभूमीवरील नाटकावर बेतलेला. नायक होता मास्टर विठ्ठल, मूकपटांतील मराठी मर्दानी तारा. बोलपटात मात्र त्याच्या वाट्याला फारसे बोलणे आले नाही.

पुढच्याच वर्षी मॅजेस्टिकच्या पडद्यावर मराठीही बोलली. ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ ६ फेब्रुवारी १९३२ रोजी इथे लागला. व्ही. शांताराम दिग्दर्शक, गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, दुर्गा खोटे तारामती. कॉरोनेशनमध्ये जो राजा मूक होता, तोच एकोणीस वर्षांनी गिरगावात बोलू लागला.

आता एका दंतकथेविषयी. २००३ साली पुण्यात नायट्रेट फितींच्या भांडाराला लागलेल्या आगीत ‘आलम आरा’ची शेवटची प्रत जळाली, असे वारंवार लिहिले जाते, तुम्हीही ते वाचले असेल. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांनी ते ठामपणे खोडून काढले होते. १९६४ साली स्थापन झालेल्या त्या संग्रहालयात हा चित्रपट कधी आलाच नव्हता. नायर स्वतः इराणींकडे प्रतीचा शोध घेत गेले होते. फितीतील चांदी काढून घेऊन उरलेली रिळे निकालात काढली, असे त्यांना इराणींच्या मुलाकडून कळले. जुन्या फितीवरच्या रसायनात चांदी असे आणि भंगारात तिला मोल होते. अनेक मूकपट आणि आरंभीचे बोलपट अशाच रीतीने नाहीसे झाले.

मॅजेस्टिकचेही तेच. तिथे चांदीऐवजी जमीन होती, एवढाच फरक. १९७०च्या दशकात चित्रपटगृह पाडून त्या जागी व्यापारी संकुल उभे राहिले. दाट वस्तीतील मोक्याच्या जागेवर दिवसाला तीन-चार खेळांपेक्षा दुकानांचे गाळे अधिक उत्पन्न देणार, हा हिशेब कुणालाही कळण्याजोगा होता. आगीचा दोष सांगणे सोपे असते. या दोन्ही नाशांत आग कुठेच नाही.

नाव मात्र आणखी एका वाटेने टिकले. केशवराव कोठावळे यांनी १९४२ साली गिरगावात पुस्तकांचे दुकान काढले, ते ‘मॅजेस्टिक बुक स्टॉल’. पुढे त्यातूनच मॅजेस्टिक प्रकाशन आणि ‘ललित’ मासिक आले. ‘आलम आरा’ची स्थिरचित्रे आणि जाहिराती तेवढ्या पाहता येतात, ‘अयोध्येचा राजा’ मात्र शाबूत आहे. १९३२ साली मॅजेस्टिकमधील प्रेक्षकांनी ऐकलेला दुर्गा खोटे यांचा आवाज आजही ऐकता येतो.