कृषिपंपासाठी काट्याचा मल्टिमीटर: सुरक्षित मोजमाप कसे करावे?

कांदा पोसण्याच्या किंवा गहू ओंबीवर येण्याच्या काळात मोटार जळाली, की पंप विहिरीतून वर काढणे, रिवाइंडिंग करून आणणे आणि पुन्हा सोडणे यात चार-सहा दिवस सहज जातात. तेवढ्या ताणाचा परिणाम थेट उत्पादनावर दिसतो. मोटार जळण्यापूर्वी बऱ्याचदा पुरवठ्यात काहीतरी बिघडलेले असते: एक फेज गेलेला असतो, व्होल्टेज पडलेले असते, केबलच्या जोडात पाणी शिरलेले असते. खिशातला टेस्टर यातले फारसे काही सांगत नाही. त्याचा निऑन दिवा शंभर-सव्वाशे व्होल्टलाही लागतो आणि २४० लाही. वीज आहे की नाही एवढेच त्यावरून कळते, किती आहे ते कळत नाही. त्यासाठी मल्टिमीटर लागतो.

घाटकोपरमध्ये राहून जुन्नर, आंबेगाव, पाटण किंवा संगमेश्वरकडची शेती शनिवार-रविवारी सांभाळणारी बरीच कुटुंबे आहेत. मीटर लॅमिंग्टन रोड किंवा लोहार चाळीतून घेतला जातो आणि थेट शेतावरच्या स्टार्टरच्या पेटीवर पहिल्यांदा वापरला जातो. हे करू नका. घाटकोपरच्या फ्लॅटमधला पुरवठा सिंगल फेज, साधारण २३० व्होल्ट. शेतावरचा थ्री फेज, दोन फेजमध्ये ४०० ते ४१५ व्होल्ट. घरी आधी सुट्या सेलवर आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीवर पट्टी वाचण्याचा सराव करा. सोसायटीच्या पाण्याच्या पंपाला बहुधा थ्री फेज जोडणी असते. तिथला इलेक्ट्रिशियन मोजमाप करत असेल, तर शेजारी उभे राहून बघून घ्या.

मीटर आणि त्याच्या पट्ट्या

काट्याच्या मीटरला आयटीआयमध्ये अजूनही ‘एव्हीओ मीटर’ म्हणतात. ॲम्पिअर, व्होल्ट आणि ओहम या तिन्हींची ती आद्याक्षरे. इंग्लंडमध्ये १९२३ मध्ये याच नावाचा मीटर बाजारात आला आणि नाव पुढे सगळ्याच मीटरांना चिकटले. आपल्याकडे नाशिक रोडच्या मोटवाने कंपनीचे मीटर वायरमन मंडळींना ओळखीचे आहेत. बाजारात सर्वाधिक दिसतो तो सानवाच्या वायएक्स-३६० या घाटणीचा. त्याच्या नॉबभोवती चार गट असतात: डीसी व्होल्ट, एसी व्होल्ट (१०, ५०, २५० आणि १०००), डीसी मिलिॲम्पिअर आणि ओहम.

सगळ्यात जास्त धोका या नॉबमध्ये आहे. प्रोब टेकवण्याआधी नॉब कुठे आहे हे तोंडाने मोठ्याने म्हणावे, असे मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो. लोक हसतात, पण सवय लागते. कारण असे:

- नॉब ओहमवर किंवा मिलिॲम्पिअरवर ठेवून प्रोब पुरवठ्याला लावले, तर मीटरच्या आतील रेझिस्टर जळतात. थ्री फेजवर तर मीटर हातात फुटू शकतो.
- नॉब डीसी व्होल्टवर ठेवून एसी मोजले, तर काटा शून्यावरच राहतो, फार तर किंचित थरथरतो. मीटरला काही होत नाही. पण तुम्ही ‘लाइट नाही’ असे समजून तारेला हात लावता. ही चूक पहिल्यापेक्षा जास्त घातक आहे.

म्हणून ‘वीज नाही’ हा निष्कर्ष एका मोजमापावर कधीही काढू नये. आधी जिथे वीज नक्की आहे तिथे मीटर लावा आणि काटा हलतो का बघा. मग संशयित जागी मोजा. नंतर पुन्हा पहिल्या जागी येऊन मीटर चालू असल्याची खात्री करा. प्रोबची वायर मध्येच तुटलेली असेल, तर तीही यात उघडी पडते.

अंदाज नसेल तेव्हा एसी १००० पासून सुरुवात करा. काटा फारच खाली राहिला, तर प्रोब उचला, नॉब फिरवा आणि पुन्हा टेकवा. प्रोब लागलेले असताना नॉब फिरवू नका. काम संपल्यावर नॉब ‘ऑफ’वर, ऑफ नसेल तर एसी १००० वर ठेवा. ओहमवर ठेवलेला मीटर दुसऱ्याने उचलून सरळ फेजला लावला, असे सहज घडू शकते.

हात लावण्यापूर्वी

मीटरवर किंवा त्याच्या माहितीपत्रकात ‘कॅट ३, ६०० व्होल्ट’ अशी नोंद आहे का बघा. अतिशय स्वस्त मीटरांवर ती नसते. असा मीटर सेल, बॅटरी आणि बंद मोटारीच्या तपासणीसाठी ठेवा, थ्री फेज पेटीत नेऊ नका. प्रोबचे टोक लांब उघडे असेल, तर तीन-चार मिलिमीटर सोडून बाकीच्या धातूवर हीट श्रिंक स्लीव्ह चढवून घ्या. पेटीतले टर्मिनल जवळजवळ असतात. एक टोक दोन फेजना टेकले, की तोंडावर ठिणगी येते. आतला काचेचा फ्यूज गेला, तर त्याच क्षमतेचा घाला, तार बांधू नका.

ओल्या जमिनीवर, पावसात किंवा पाटात उभे राहून मोजू नये. कोरडी फळी किंवा रबरी मॅट पायाखाली घ्या. पायात कोरडे बूट असावेत, हातात अंगठी-कडे नसावे. शक्य तिथे एक प्रोब क्रोकोडाइल क्लिपने अडकवा आणि दुसरा एकाच हाताने टेकवा, दुसरा हात पेटीपासून लांब ठेवा. एकटे असाल तर मोजूच नका. सोबतच्या माणसाला मेन स्विच कुठला ते दाखवून ठेवा.

स्टार्टरची पेटी लोखंडी असेल, तर तिला हात लावण्यापूर्वी पेटीत वीज उतरली आहे का ते पाहा. पेटीपासून थोड्या अंतरावर ओल्या जमिनीत लोखंडी सळई ठोका. नॉब आधी एसी १००० वर, मग २५० वर. एक प्रोब सळईला, दुसरा पेटीच्या रंग खरवडलेल्या जागी. काटा ठळकपणे हलला, तर पेटी उघडू नका, खांबावरून पुरवठा बंद करायला वायरमनला बोलवा. काटा शून्यावर राहिला म्हणजे अर्थिंग उत्तम आहे असे मात्र नाही. अर्थिंगचा दर्जा मल्टिमीटर सांगू शकत नाही, त्यासाठी अर्थ टेस्टर लागतो.

रोहित्र, डीपीची पेटी, खांबावरचे फ्यूज येथे शेतकऱ्याने मल्टिमीटर घेऊन जायचे नाही. ते काम महावितरणच्या कर्मचाऱ्याचे. तक्रार १९१२ वर नोंदवा. डीपीवरचा फ्यूज स्वतः टाकण्याची पद्धत आपल्याकडे इतकी रुळली आहे, की त्यात काही वावगे वाटेनासे झाले आहे. पण तिथे बिघाड झाला, तर विजेचा प्रवाह फार मोठा असतो आणि तो तोडणारे जवळपास काही नसते.

थ्री फेज पुरवठा तपासणे

मोटार बंद ठेवा आणि मेन स्विचच्या येणाऱ्या बाजूला मोजा. मोटार चालू असताना एक फेज गेला, तर फिरणारी मोटार स्वतःच त्या तारेवर व्होल्टेज तयार करते. स्टार्टरच्या पुढे मोजल्यास तिन्ही फेज असल्याचा भास होतो. घरातले दिवे लागले म्हणून मोटारीला तिन्ही फेज मिळत आहेत असेही समजू नका.

एसी १००० वर आर-वाय, वाय-बी, बी-आर अशी तीन मोजमापे घ्या. नंतर प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यात. ही मोजमापे आधी १००० वर घ्या; काटा अडीचशेच्या आत असेल तर नॉब २५० वर आणा. आकडे वहीत लिहा, तारीख-वेळेसह. चांगल्या पुरवठ्यात फेज-न्यूट्रल २३० ते २४० आणि फेज-फेज त्याच्या १.७३ पट, म्हणजे ४०० ते ४१५ मिळते.

इथे काट्याच्या मीटरची मर्यादा लक्षात घ्यावी. १००० च्या पट्टीवर साधारण ५० घरे असतात, म्हणजे एक घर २० व्होल्टचे. शिवाय अशा मीटरची चूक पूर्ण पट्टीच्या ३ ते ४ टक्के धरतात, म्हणजे १००० च्या पट्टीवर ३० ते ४० व्होल्ट. ४०० आहे की ३८०, यावर या मीटरने वाद घालू नये. २५० च्या पट्टीवर एक घर ५ व्होल्टचे, म्हणून फेज-न्यूट्रल मोजमाप अधिक कामाचे. मीटरची चूक तिन्ही फेजना साधारण सारखीच लागते. त्यामुळे फेजची एकमेकांशी तुलना भरवशाची असते.

तुलना महत्त्वाची का, ते एका उदाहरणाने बघू. डिजिटल मीटरने फेज-फेज मोजमापे ४१०, ४०० आणि ३७५ आली. सरासरी ३९५. सर्वांत दूरचा आकडा ३७५, फरक २०. २० भागिले ३९५ म्हणजे ५ टक्के असमतोल. दिसायला थोडा, पण वाइंडिंगच्या तापमानातील वाढ असमतोलाच्या वर्गाच्या साधारण दुप्पट टक्क्यांनी होते: ५ गुणिले ५ गुणिले २, म्हणजे सुमारे ५० टक्के जास्त. अशा पुरवठ्यावर मोटार चालवू नये. तिन्ही फेज सारखेच पण कमी असतील, तरी धोका आहेच. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. ४१५ ऐवजी ३३० मिळाले, तर जोर ६३ टक्क्यांवर येतो, मोटार जास्त करंट ओढते आणि तापते. नामफलकावर ४१५ असलेली मोटार ३५० च्या खाली चालवू नये, असा माझा सल्ला आहे. पाणी एक दिवस उशिरा दिले तरी पीक तग धरते.

मोटार सुरू होताना व्होल्टेज किती पडते, हे काट्यावर डिजिटलपेक्षा चांगले दिसते. ते बघायचे असेल, तर पुरवठा बंद करून क्लिपा अडकवा, मीटर फळीवर आडवा ठेवा, मग पुरवठा सुरू करा आणि मीटरला हात न लावता लांबून बघा. काटा झपकन खाली येऊन तिथेच रेंगाळत असेल, तर केबल बारीक आहे किंवा जोड सैल आहे.

मोटारीचा करंट या मीटरने मोजायचा नाही. त्यातील मिलिॲम्पिअरची पट्टी त्यासाठी नाही. त्याला टाँग टेस्टर लागतो.

बंद मोटार, केबल आणि कंडेन्सर

ओहमवरचे प्रत्येक मोजमाप पुरवठा पूर्ण बंद करून, मेन स्विचचे फ्यूज काढून खिशात ठेवून आणि मोटारीच्या वायरी स्टार्टरमधून सोडवून करायचे. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा, ‘झिरो ओहम’च्या नॉबने काटा उजवीकडच्या शून्यावर आणा. पट्टी बदलली, की पुन्हा शून्य करा. काटा शून्यावर येतच नसेल, तर आतले सेल बदला.

सबमर्सिबलच्या तीन वायरी ओहम ×१ वर दोन-दोन करून मोजा. तिन्ही मोजमापे काही ओहमची आणि सारखी यावीत. एक जोडी वेगळी आली, तर वाइंडिंग किंवा केबलचा जोड बिघडला. मग ×१० के वर प्रत्येक वायर आणि मोटारीची बॉडी (किंवा विहिरीवरचा लोखंडी पाइप) यांच्यात मोजा. काटा हलता कामा नये. दोन्ही टोकांना बोटे लावू नका, नाहीतर मीटर तुमच्या अंगाचाच रेझिस्टन्स दाखवतो. काटा हलला तर इन्सुलेशन नक्की खराब. हलला नाही तर ते चांगले असेलच असे नाही. आतली बॅटरी नऊ-दहा व्होल्टची, मोटार चारशेवर चालते. खात्रीसाठी ५०० व्होल्टचा मेगर वापरणाऱ्या रिवाइंडरकडे जा.

सिंगल फेज पंपाच्या पॅनेलमधील कंडेन्सर ओळखण्यात काट्याच्या मीटरचा हात कोणी धरू शकत नाही. कंडेन्सर पुरवठा बंद झाल्यावरही झटका देतो. म्हणून आधी होल्डरमधल्या शंभर वॅटच्या साध्या बल्बच्या दोन वायरी त्याच्या टर्मिनलना थोडा वेळ टेकवून तो रिकामा करा. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करू नका. मग एक वायर सोडवून ओहम ×१ के वर मोजा. काटा झेप घेऊन सावकाश मागे आला, तर कंडेन्सर शाबूत. शून्यावर अडकला, तर शॉर्ट. हललाच नाही, तर तुटलेला. मध्येच थांबला, तर गळका. पॅनेलमध्ये कंडेन्सरला रेझिस्टर जोडलेला असेल, तर तो वेगळा करून मोजा, नाहीतर चांगला कंडेन्सरही गळका वाटेल.

सौर पंप, ट्रॅक्टर आणि झटका मशीन

सौर पंपाच्या ओळीत जोडलेल्या पॅनेलचे डीसी व्होल्टेज कित्येकशे व्होल्ट असते आणि ऊन असेपर्यंत ते बंद करता येत नाही. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. योजनेतला पंप हमी मुदतीत असेल, तर पुरवठादाराच्या तंत्रज्ञालाच बोलवा. ट्रॅक्टरच्या बॅटरीसाठी डीसी ५० ची पट्टी घ्यावी लागते. तिथे एक घर १ व्होल्टचे, त्यामुळे १२.२ आणि १२.६ मधला फरक दिसत नाही. त्यासाठी डिजिटल मीटर बरा. स्टार्टर मारताना काटा १० च्या बराच खाली गेला, तर बॅटरी किंवा टर्मिनल तपासा.

रानडुकरांसाठी लावलेल्या कुंपणाच्या झटका मशीनला साधा मल्टिमीटर कधीही लावू नये. त्यात काही हजार व्होल्टचे क्षणिक झटके असतात. त्यासाठी कुंपणाचा वेगळा टेस्टर मिळतो, तो मशीनसोबतच मागून घ्या.