पन्नास शब्दांचं श्रुतलेखन आणि आमचं स्किल असेसमेंट

ऑस्ट्रेलियाच्या पीआरची फाईल लावलेले चार आयटीवाले एकत्र आले की गप्पा दोनच विषयांवर होतात. फी किती गेली, आणि अनुभवाची किती वर्षं कापली. आपण दहा वर्षं कोड लिहिलेला असतो, आणि असेसमेंटच्या पत्रात त्यातली पहिली दोन-चार (पदवी दुसऱ्या शाखेची असेल तर आणखी जास्त) ‘कुशल’ होण्यातच गेली असं लिहून येतं. मेकॅनिकलची पदवी घेऊन जावात शिरलेल्या माझ्यासारख्यांना हे चांगलंच लागतं. पण ही पद्धत आली कुठून, ते या वीकेंडला वाचत बसलो आणि रागाची दिशाच जरा बदलली.

सुरुवात कौशल्यापासून झालेलीच नाही. १९०१ च्या इमिग्रेशन रिस्ट्रिक्शन अ‍ॅक्टप्रमाणे बंदरावरचा अधिकारी येणाऱ्याला कुठल्याही युरोपियन भाषेत पन्नास शब्दांचं श्रुतलेखन घालू शकत असे. भाषा कोणती, ते अधिकारी ठरवणार! कायद्यात वर्णाचा उल्लेख नाही, पण गोरे नसलेले लोक बरोब्बर बाहेर. ही युक्ती मूळची दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळची (सण नव्हे, वसाहत). तिथे १८९७ मध्ये भाषेच्या चाचणीचा असाच कायदा झाला होता, आणि तो मुख्यतः आपल्याच लोकांना अडवायला. गांधीजी तेव्हा तिथेच, डर्बनला वकिली करत होते.

ऑस्ट्रेलियात १९०९ नंतर या परीक्षेत एकही माणूस पास झाला नाही. १९३४ मध्ये प्रागचा पत्रकार एगॉन किश नाझींविरुद्ध भाषणं द्यायला आला. सरकारला तो नको होता. बोटीवरून उतरू देईनात म्हणून पठ्ठ्याने मेलबर्नच्या धक्क्यावर उडी मारली आणि पाय मोडून घेतला. त्याला बऱ्याच भाषा येत होत्या, म्हणून मग सिडनीत त्याची परीक्षा घेतली स्कॉटिश गेलिकमध्ये! तो नापास झाला. पुढे हायकोर्टाने सांगितलं की या कायद्याच्या अर्थाने गेलिक ही युरोपियन भाषा होत नाही. परीक्षा मात्र १९५८ पर्यंत कायद्यात राहिली.

मला जास्त अस्वस्थ केलं ते पुढच्या प्रकरणाने. दुसऱ्या महायुद्धानंतर माणसं हवी होती, म्हणून १९४७ पासून युरोपातल्या छावण्यांमधून सुमारे १,७०,००० निर्वासित आणले. अट अशी की पहिली दोन वर्षं सरकार सांगेल ते काम करायचं. कागदावर पुरुष ‘मजूर’ आणि बायका ‘घरकामगार’. त्यात डॉक्टर होते, इंजिनियर होते, वकील होते. त्यांना काय येतं हे कोणाला कळत नव्हतं असं नाही, पण ते मोजायची कोणाला गरजच वाटली नाही. डॉक्टर हॉस्पिटलात वॉर्डबॉयची कामं करत होते. गंमत म्हणजे शहरात ज्यांना प्रॅक्टिस करू दिली नाही, त्यांच्यातल्या काहींना पापुआ न्यू गिनीत आणि अंटार्क्टिकाच्या तळावर डॉक्टर म्हणून पाठवलं. म्हणजे पदवी खोटी नव्हती, पेशंट कोण यावर ती खरी की खोटी हे ठरत होतं. स्थानिक डॉक्टरांच्या संघटनांना ही स्पर्धा नको होती, हे त्यातलं उघड गुपित.

१९६६ मध्ये होल्ट सरकारने सुशिक्षित, कुशल बिगर-युरोपियनांसाठी दार किलकिलं केलं. १९६९ मध्ये परदेशी पदव्यांची तुलना करायला एक सरकारी समिती नेमली गेली. दहा वर्षांनी गुणांची पद्धत आली. तरी क्रम तोच राहिला. आधी माणूस यायचा, आणि मग टॅक्सी चालवता चालवता आपली पदवी चालत नाही हे त्याला कळायचं.

हा क्रम उलटा झाला १९९९ मध्ये. कुशल व्हिसासाठी अर्ज करण्याआधीच संबंधित व्यावसायिक संस्थेकडून मूल्यमापन सक्तीचं झालं. आपल्यासाठी ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी, इंजिनियरांसाठी इंजिनियर्स ऑस्ट्रेलिया, वगैरे. धोका सरकारच्या अंगावरून अर्जदाराच्या अंगावर आला हे खरं. फी आपली, नकार आला तर तोही आपलाच. पण तो नकार पुण्यात, हातात नोकरी असताना मिळतो, घर विकून तिकडे गेल्यावर नाही. मला विचाराल तर हा सौदा बरा आहे. पत्र मिळालं म्हणजे तिकडे नोकरी मिळेलच असं नाही, ती भानगड वेगळीच. पण निदान निकष छापलेले आहेत, आणि निर्णय पटला नाही तर फेरविचार मागता येतो. गेलिक कोणी विचारत नाही.

राहता राहिला कागद. आपल्या कंपन्या सोडताना जे पत्र देतात त्यात नाव, तारखा आणि ‘सीनियर असोसिएट’ एवढंच. तपासणाऱ्याला हवं असतं ते तुम्ही रोज नेमकं काय करत होता ते. माझ्या एका जुन्या कंपनीच्या एचआरने असं पत्र द्यायची ‘पॉलिसी नाही’ म्हणून एका ओळीत कळवलं. मग तेव्हाच्या मॅनेजरला गाठलं, शपथपत्रासाठी. बिचारा शनिवारी सकाळी शिवाजीनगर कोर्टाबाहेर नोटरीसमोर सही करायला आला. मी लिहून नेलेला मजकूर त्याने दोनदा वाचला, पेन उघडलं आणि विचारलं, “अरे, ते बिलिंगचं मॉड्यूल तू लिहिलं होतंस? मी इतकी वर्षं समजत होतो की ते ऑनसाइटवाल्यांनी केलं.”