अर्धी खतं

‘श्रद्धा म्हणजे मनाचा आधार.’ चाकण-तळवड्याच्या कारखानी पट्ट्यात ताणमुक्तीवर बोलणारे वक्ते हे कौतुकानं सांगतात. विवेकवादी मित्र तेच वाक्य घेतात, फक्त ‘दुबळ्या’ हे विशेषण मनाला चिकटवतात आणि मार्क्सची अफू काढतात. दोघांचं भांडण औषधाच्या गुणदोषांवर आहे. ते औषधच आहे याबद्दल दोघांचंही एकमत.

हा पूर्वपक्ष पोकळ नाही. कंत्राटी नोकरी आणि घराचा हप्ता डोक्यावर असलेला माणूस देहूच्या देवळात हात जोडून बाहेर पडतो, तेव्हा त्याला बरं वाटतं. पण जेवल्यावर झोप येते म्हणून जेवणाला कुणी झोपेचं औषध म्हणत नाही.

देहूतच पडताळून पाहू. तुकोबांचं घर वाण्या-महाजनाचं. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात धंदा बुडाला, पत गेली, एक बायको अन्नावाचून गेली. हे त्यांनी स्वतःच एका आत्मचरित्रपर अभंगात सांगितलं आहे. तिथला क्रम पाहण्यासारखा आहे. मोडकं देऊळ दुरुस्त करावंसं वाटलं, एकादशीला कीर्तन सुरू केलं. आणि तेव्हा आपलं चित्त त्यात मुरलेलं नव्हतं, अशी कबुली. म्हणजे आचरण आधी, मन मागाहून! आधाराच्या सिद्धान्तात हे बसत नाही. तिथे मनाला आधी बरं वाटायला हवं.

आता खतं, म्हणजे कर्जाचे कागद. परंपरा सांगते, की कर्जदारांच्या खतांपैकी अर्धी धाकट्या भावाला, कान्होबांना देऊन तुकोबांनी आपल्या वाट्याची अर्धी इंद्रायणीत बुडवली. संतचरित्रकार महिपतींनी तुकोबांची चरित्रं लिहिली ती त्यांच्यानंतर शतकाहून अधिक काळानं, तेव्हा तपशिलाबद्दल हट्ट नको. पण श्रद्धेची गोष्ट सांगताना या गावाला सावकारी कागद आठवला, हे मला फार मोलाचं वाटतं. या श्रद्धेनं घरातली अडचण वाढवली. ज्या माणसाला ती खरी भिडली, त्याला आपल्या येण्यावर पाणी सोडावं लागलं.

‘श्रद्धा’ हा शब्दही तेच सांगतो. निघंटू या वैदिक शब्दकोशात त्यातलं ‘श्रत्’ हे सत्याच्या नावांत येतं. लॅटिनमधला ‘क्रेदो’ श्रद्धेचाच सगोत्र, आणि त्यातूनच आपल्या बँकेतलं ‘क्रेडिट’ आलं. वारकरी तर ‘भाव’ म्हणतो, जो मंडईतही असतो.

म्हणून वारकऱ्याची तुळशीमाळ घातलेल्या कामगाराला ‘मन शांत होतं का?’ हा प्रश्न मला चुकीचा वाटतो. माळ म्हणजे मांस-मद्य सोडणं, एकादशी पाळणं, वारी चुकू न देणं, दुसऱ्या माळकऱ्याच्या पायाला हात लावणं, मग तो आपल्याच हाताखाली काम करणारा का असेना. माळ घालून गुंठ्यांच्या व्यवहारात गंडवणारेही आहेत, हे इथे कुणाला सांगायला नको. पण ‘माळ घालून असं वागतोस?’ असं लोक त्यांनाच विचारतात. नुसत्या आधारासाठी देवळात जाणाऱ्याला असं कोण विचारील?

कान्होबांच्या वाट्याची खतं मात्र त्यांच्याकडेच राहिली. तुकोबांनी ती बुडवायला मागितली नाहीत. त्याच कान्होबांनी पुढे भाऊ गेल्यावर शोकाचे अभंग केले; गाथेच्या प्रतींत ते तुकोबांच्या अभंगांसोबत छापलेले असतात.